अकरा तक्त्यांची खोली

मोताळ्याच्या माणिकरावांना एक खोली बांधायची होती. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, एक दार, एक खिडकी, वर टिनं. अशा खोल्या गावात नेहमीच कोणी ना कोणी बांधत असे आणि त्याची बातमी शेजारच्या गल्लीतसुद्धा जात नसे. माणिकरावांची खोली मात्र पार सोनाळ्यापर्यंत गाजली. अजूनही कोणाचं काम अडलं की गावात तिची आठवण निघते आणि लोक पोट धरून हसतात. खुद्द माणिकरावही हसतात, पण हसून झाल्यावर ते उपरण्यानं डोळे पुसतात, आणि ते पाणी हसण्याचं नसतं हे घरच्यांना ठाऊक आहे.

खोलीची गरज पडली ती शालूमुळे. शालू ही एकुलती एक लेक, दोन वर्षांपूर्वी सोनाळ्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माघात होतं आणि ते रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं. नवरात्रात माणिकराव तिला पाहायला गेले, तेव्हा तिचे सासरे रंगराव सुपारी कातरता कातरता म्हणाले, "पाठवू न व्याही, काऊन नाई पाठवू? पन बाळंतीन निजंन कुठं? तुमच्या घरी दोन खोल्या. एकीत चूल, दुसरीत तुमी अन् तुमचे कागद."

म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते लागलं. आतल्या दाराआड शालू उभी होती. तिला या वेळी आई जवळ हवी होती हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. माणिकराव ताठ बसले आणि म्हणाले, "पौष संपायच्या आत स्वतंत्र खोली उभी राहील. शब्द आहे माझा."

दुसऱ्या कोणी घरी आल्या आल्या निवृत्ती गवंड्याला बोलावलं असतं, परसात चार खुंट्या ठोकून घेतल्या असत्या आणि सूत ताणलं असतं. माणिकरावांनी दौत उघडली. याला कारण त्यांची नोकरी. ते सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा जांभळा गोल शिक्का मारायचा आणि गेलेल्या प्रत्येक कागदाची तारीख वहीत लिहायची, हे काम त्यांनी सतरा वर्षं केलं होतं. नवं राज्य होऊन तीन-चार वर्षंच झाली होती. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, साहेब बदलले, खुर्च्यासुद्धा बदलल्या, पण माणिकरावांचा शिक्का तोच राहिला. तसाच एक शिक्का त्यांनी घरच्या वापरासाठी अकोल्याहून आणवला होता, आणि किराण्याच्या यादीवरही ते तो मारत असत.

तारखांचा हा ध्यास उगाच लागलेला नव्हता. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या हातून एक घोटाळा झाला होता. बियाणं कोणत्या गावाला किती पाठवायचं याची यादी तयार होती. मागाहून दुरुस्तीचं पत्र आलं, आणि माणिकरावांनी जुन्याच यादीवरून गाड्या रवाना केल्या. ज्वारीचं बियाणं मागणाऱ्या गावाला कपाशीची सरकी मिळाली. त्याबद्दल त्यांना जो मेमो मिळाला, तो त्यांनी अजून पेटीत तळाशी जपून ठेवला होता. तेव्हापासून त्यांनी खूणगाठ बांधली, की मूळ कागद यादीपेक्षा नवा असेल तर यादी मेली. ती रद्द करून बाजूला ठेवायची आणि नवी करायची.

खोलीलाही त्यांनी हाच नियम लावला. पाया, जोतं, भिंत, चौकट, टिनं आणि जमीन, अशा सहा कामांच्या सहा चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर काम काय, कोणी करायचं आणि कशाच्या नंतर करायचं ते लिहिलं, शिक्का मारला आणि त्या ओसरीतल्या तारेला टोचून ठेवल्या. या सहा चिठ्ठ्यांवरून एक मोठा तक्ता केला. निवृत्तीनं काम करायचं ते तक्त्याप्रमाणे. रोज सकाळी आठ वाजता माणिकराव तारेपुढे उभे राहून तारखा जुळवणार. एखादी चिठ्ठी तक्त्याहून नवी दिसली की तक्ता रद्द, नवा तक्ता तयार, आणि त्या चिठ्ठीतलं काम पुन्हा. तक्त्याचं पहिलं कलमच असं होतं: "प्रथम, हा तक्ता नवा करणे जरूर आहे किंवा कसे, ते पाहावे."

निवृत्ती गवंडी तक्त्यापुढे बराच वेळ उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, पण कागदाबद्दल आदर होता.

"बाबूसाहेब," तो म्हणाला, "पयले पाया, मंग भिंत, मंग टिनं. हे लिवा लागते?"

"लिहिलं नाही तर चुकतं," माणिकराव म्हणाले. कामाचं बोलायचं असलं की ते पुस्तकातल्यासारखं बोलत. घाबरले म्हणजेच त्यांच्या तोंडून वऱ्हाडी निघे.

"म्या पंचवीस वर्सांत टिनं पयले अन् पाया मंग, असं एकडावही नाई केलं," निवृत्ती म्हणाला, आणि कुदळ घेऊन परसात गेला.

पाया चार दिवसांत झाला, आणि पाचव्या दिवशी पहिलं विघ्न आलं. माणिकरावांच्या पत्नी वच्छलाबाई ओसरीत वांग्याच्या भाजीला फोडणी देत होत्या. स्वयंपाकघर सोडून ओसरीत का, तर घरात निवृत्तीचं सामान रचलं होतं. फोडणी उडाली आणि पायाच्या चिठ्ठीवर तेलाचा मोठा डाग पडला. वच्छलाबाई चौथी पास. नवऱ्याला त्रास नको म्हणून त्यांनी वळणदार अक्षरात तीच चिठ्ठी शब्दाला शब्द उतरून काढली, आणि नवऱ्याची शिस्त ठाऊक असल्यामुळे तिच्यावर आजच्या तारखेचा शिक्काही मारला.

सकाळी आठ वाजता माणिकराव तारेपुढे उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"निवृत्ती, पायाची चिठ्ठी नवी आहे. पाया पुन्हा करावा लागेल."

"काऊन? काय बदललं?"

"चिठ्ठी."

"चिठ्ठी बदलली, पन पाया तोच हाय न बाबूसाहेब. दगडं तेच, खड्डा तोच."

वच्छलाबाई आतून म्हणाल्या, "अवो, म्याच उतरून काढली थे. तेल सांडलं होतं."

"उतरून काढली म्हणजे नवीच झाली," माणिकराव म्हणाले. बायकोच्या मायेपुढे नियम वाकवला तर नियमाला अर्थ काय उरतो, असं त्यांना मनापासून वाटत होतं. शेवटी निवृत्तीनं एका कोपऱ्यातले दगड उकरून काढले, त्यांच्याकडे नीट पाहिलं, "हायेत," असं म्हणाला आणि परत बसवले. अर्धा दिवस त्यात गेला. माणिकरावांनी त्या दुपारी रजा टाकून दुसरा तक्ता केला.

दुसरं विघ्न सिमेंटचं. त्या काळी सिमेंट परमिटावर मिळे. माणिकरावांना जोत्याच्या वरच्या थराला आणि जमिनीला मिळून पाच पोती हवी होती. ते अर्ज आणि खोलीचा नकाशा घेऊन परमिट देणाऱ्या कचेरीत गेले. कोणती कचेरी ते विचारू नका. तिथले कारकून आता आजोबा झाले असतील. खिडकीतल्या कारकुनानं दोन्ही कागद उलटेपालटे करून पाहिले.

"नकाशा अर्जाच्या आधीचा आहे," तो म्हणाला. "दोन दिवस जुना. नवा नकाशा आणा."

दुसऱ्या कोणी तिथं आवाज चढवला असता. माणिकरावांना त्या माणसाबद्दल आदर वाटला. ते नवा नकाशा काढून पुन्हा एसटीनं गेले. कारकुनानं तारखा पाहिल्या.

"आता अर्ज जुना झाला. नकाशा पाहून अर्ज लिहिलेला असला पाहिजे. हा अर्ज तर नकाशाच्या आधीचा."

"बरोबर आहे," माणिकराव म्हणाले आणि नमस्कार करून परत फिरले. बाहेर पायरीवर मात्र ते थबकले, कारण नवा अर्ज लिहिला की नकाशा जुना होणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. तिथं बसलेल्या पट्टेवाल्याला त्यांची दया आली. तो म्हणाला, "भाऊ, दोन्ही इथंच बसून लिवा न. एकाच तारखीचे." माणिकरावांनी त्याच पायरीवर बसून दोन्ही कागद लिहिले, आणि मार्गशीर्ष सरता सरता पाच पोती मंजूर झाली. त्या पट्टेवाल्याचं नाव विचारायचं राहिलं, याची चुटपुट त्यांना पुढे कित्येक वर्षं होती.

परमिटाची तारीख बदलली म्हणून जोत्याची चिठ्ठी नव्या तारखेनं लिहिली गेली. मजकूर तोच होता, पाच पोती. तरी चिठ्ठी नवी. तिसरा तक्ता. सिमेंट यायच्या आधीच रचलेल्या जोत्याचे वरचे दगड निवृत्तीनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत काढले आणि पुन्हा बसवले.

आता भिंत वर चढायला लागली. विटा पक्क्या, त्यांच्यामधली जुळाई मातीची. इथं शेजारचे पंजाबराव कथेत येतात, आणि ते आले नसते तर खोली आठ दिवस आधी झाली असती. पण ते आले नसते तर ती झालीच नसती, हेही खरं आहे. पंजाबरावांचा भाजीपाल्याचा मळा होता. दुपारी मळ्यातून आले की त्यांना काम नसे आणि सल्ला पुष्कळ असे. दार पूर्वेला ठेवा, खिडकी लहान ठेवा, बाळंतिणीला वारं लागतं, असे पहिल्या तक्त्याच्या आधीचे सगळे सल्ले त्यांचेच. माणिकराव दिवसभर कचेरीत, म्हणून भिंतीवर लक्ष ठेवायचं पंजाबरावांनी आपण होऊन अंगावर घेतलं.

"तुमच्या पद्धतीनंच करतो माणिकभाऊ," ते म्हणाले. "रोज सांजच्याले भिंत पायतो, अन् चिठ्ठी लिवून तारेले टोचून ठेवतो. तुमाले फिकीरच नाई."

माणिकरावांना भरून आलं. सतरा वर्षांत त्यांची पद्धत आपण होऊन उचलणारा हा पहिला माणूस.

पंजाबराव शब्दाला जागले. पहिल्या संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी टोचली: "भिंत पाहिली. ठीक आहे." खाली तारीख. सकाळी आठ वाजता माणिकरावांनी तारखा जुळवल्या. भिंतीची चिठ्ठी तक्त्याहून नवी होती.

"निवृत्ती, कालचे थर काढा."

निवृत्ती विटेवर थापी टेकवून उभा राहिला. "काल लावले थे तीन थर? ओळंब्यात सरळ हायेत न."

"चिठ्ठी नवी आहे."

"चिठ्ठीत काय लिवलं?"

"भिंत ठीक आहे, असं."

"मंग ठीक भिंत पाडू काऊन?"

माणिकरावांनी तारेकडे बोट दाखवलं. तीन थर उतरले, पुन्हा चढले, आणि संध्याकाळी पंजाबरावांनी भिंत पाहून ती ठीक असल्याची चिठ्ठी टोचली. सकाळी ती नवी होती. तिसऱ्या दिवशी माणिकरावांनी तोड काढली. पंजाबरावांची चिठ्ठी आल्यानंतर, त्याच संध्याकाळी नवा तक्ता करायचा. म्हणजे दोन्हींची तारीख एकच होईल आणि सकाळी तक्रार उरणार नाही. तोड शंभर नंबरी होती. तारखा वाचायची वेळ सकाळी आठची, म्हणून संध्याकाळी त्यांनी चिठ्ठीवरची तारीख पाहिली नाही. सकाळी पाहिलं तर तक्ता कालचा आणि चिठ्ठी आजची. माणिकरावांना वाटलं, आपण आंघोळीला गेलो असताना पंजाबराव येऊन गेले असतील. सकाळी सकाळी एवढी काळजी घेतात, म्हणून ते आणखीच ओशाळले.

असे आठ दिवस गेले. भिंत कमरेएवढीच राहिली. गल्लीतली माणसं जाता-येता डोकावू लागली. एकानं विचारलं, की ही खोली आहे का तालीम? बाजाराच्या दिवशी बाहेरगावची दोन माणसं मुद्दाम परसात येऊन भिंत पाहून गेली. माणिकराव कचेरीतून मागच्या बोळानं घरी येऊ लागले. वच्छलाबाईंनी एकदाच विचारलं, "शालूले बोलवायचं हाय न?" आणि त्या डोळे पुसत आत गेल्या. पौष अर्धा सरला होता.

आठव्या सकाळी निवृत्तीनं थापी धुतली, पिशवीत घातली आणि तो माणिकरावांपुढे येऊन उभा राहिला.

"बाबूसाहेब, पडक्या भिंती म्या लय पाडल्या. पन आपल्या हातची, ओळंब्यातली, तुमच्याच कागदावर ठीक हाय म्हनून लिवलेली भिंत रोज पाडाची, हे माझ्याच्यानं होत नाई. दुसरा गवंडी पाहा."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर माणिकरावांना बरं वाटलं असतं. त्याचा आवाज दुखावलेल्या माणसाचा होता.

आणि त्याच दुपारी रंगराव शालूला घेऊन उतरले. पुढे प्रवास झेपणार नाही म्हणून ठरल्यापेक्षा आठ दिवस आधीच निघाले होते. शालूचे पाय सुजले होते. तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मग रंगराव परसात जाऊन कमरेएवढ्या भिंतीपुढे उभे राहिले.

"व्याही," ते म्हणाले, "मी तुमाले नावं ठेवाले नाई आलो. पन थंडी पडून राह्यली. दहा दिवसांनी मी येतो. छप्पर असलं तं पोरगी इथं. नसलं तं बैलगाडीत गादी टाकून घेऊन जाईन, रागावू नका."

ते मुक्कामाला न थांबता परत गेले. माणिकराव ओसरीत बसून राहिले. सतरा वर्षांत त्यांनी मागे ठेवलेला एकही कागद नव्हता, आणि आता मुलीला निजायला जागा नव्हती.

दिवेलागणीला पंजाबराव रोजच्यासारखे आले. निवृत्ती काम सोडून गेला आहे आणि भिंतीला दिवसभर कोणी हात लावलेला नाही, हे त्यांना कळलं होतं; तरीही कबूल केलेलं काम म्हणून त्यांनी चिठ्ठी टोचली. शालू बाजेवर टेकून बसली होती. तिला काहीतरी चाळा हवा होता. तिनं तारेवरची चिठ्ठी हातात घेतली.

"पंजाबरावकाका, आज दहा तारीख न?"

"हाव."

"मंग यावर अकरा काऊन लिवली?"

"काऊन म्हंजे? दिवे लागले न बेटा. गाई घरी आल्या, दिवे लागले, का माझा आजचा दिवस खतम. बियाणंवाल्यानं तारखांचा गठ्ठा देल्ला हाय, त्याचं पान मी रोज सांजीच फाडतो. तुयी मनकर्णाकाकू मले तीस वर्सं झाले यावरूनच बोलते."

माणिकराव हळूहळू उठले. आठ सकाळी ज्या चिठ्ठ्या तक्त्याहून नव्या निघाल्या, त्या सगळ्या आदल्या संध्याकाळच्या होत्या. त्यांची तोड बरोबर होती. पंजाबरावांचा दिवसच दिवेलागणीला संपत होता. ते पंजाबरावांवर ओरडणारच होते. तेवढ्यात शालूनं अकरा तक्त्यांचा गठ्ठा मांडीवर घेतला.

"बाबा, हा तक्ता अन् हा तक्ता, यात फरक काय?"

"तारखेचा."

"अन् मजकुराचा?"

माणिकरावांनी कंदील जवळ ओढला. पहिला तक्ता आणि अकरावा तक्ता शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ बोटानं वाचली. मग मधले नऊ. काना, मात्रा, वेलांटी, काहीच बदललेलं नव्हतं. तेल सांडलं तेव्हा नाही, परमिट आलं तेव्हा नाही, आणि आठ वेळा ठीक असलेली भिंत ठीक आहे असं आलं तेव्हाही नाही. अकरा वेळा तोच तक्ता त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला होता, आणि त्याच्यासाठी एका चांगल्या कारागिराला स्वतःची भिंत पाडायला लावली होती. पंजाबरावांवर ओरडायला त्यांच्याकडे काही उरलं नाही.

"मजकूर पाह्यचा होता," ते म्हणाले. "मी नुसती तारीख पाहून राह्यलो होतो."

वच्छलाबाईंनी स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली. नवरा वऱ्हाडीत बोलला होता.

माणिकरावांनी एक कोरी चिठ्ठी घेतली, त्यावर तीन ओळी लिहिल्या आणि टोपी घालून निवृत्तीच्या घरी निघाले. निवृत्ती दारात बसून भाकर खात होता. माणिकरावांनी चिठ्ठी पुढे केली.

"मले वाचता येत नाई बाबूसाहेब. तुमीच वाचा."

हे माणिकरावांना ठाऊक होतं आणि वाटेत ते विसरलेही होते. लिहिणं सोपं होतं. त्यांनी घसा खाकरला. "चूक माझी झाली. तुमची भिंत पहिल्या दिवसापासून ठीक होती. या आणि पुरी करा." एवढं वाचताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. मग कागद खाली ठेवून ते म्हणाले, "निवृत्ती, शालू आली हो. तिले निजाले जागा नाई."

निवृत्तीनं चिठ्ठी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "याच्यावर तुमचा थो जांभळा गोल नाई."

माणिकरावांनी पाहिलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा ते शिक्का मारायचं विसरले होते.

"मंग हे कवाचं समजू?" निवृत्तीनं विचारलं.

"जवा पटंन तवाचं," माणिकराव म्हणाले.

निवृत्ती हसला. "मंग उद्या सकाळी येतो. जेवता का? पिठलं हाय."

माणिकराव जेवले. त्या पिठल्याबद्दल ते अजून बोलतात.

दुसऱ्या दिवशी भिंत छातीला लागली, तिसऱ्या दिवशी डोक्याला. निवृत्तीनं आपला भाऊ आणला. पंजाबरावांनी दोन दिवस मळ्याकडे पाठ फिरवली आणि विटा वाहिल्या. टिनांखाली घालायची लाकडं कमी पडली, तेव्हा स्वतःच्या गोठ्याची दोन लाकडं कोणाला न विचारता काढून आणली. मनकर्णाबाई गल्लीतल्या बायकांना घेऊन आल्या आणि त्यांनी भिंती शेणामातीनं लिंपून काढल्या. ओली भिंत लवकर वाळावी म्हणून आत दिवसभर शेगड्या ठेवल्या. सल्ले अर्थात चालूच होते. खिडकी आणखी लहान असावी असं चौघांचं मत होतं आणि मोठी असावी असं तिघींचं. माणिकराव रजेवर होते, आणि कोणी काही विचारलं की ते म्हणत, "निवृत्तीले विचारा." नवव्या दिवशी टिनं चढली.

टिनं आणि भिंत यांच्यामध्ये एका बाजूला बोटभर फट राहिली. तिथून थंडीचं वारं आत येई. वच्छलाबाईंनी खळ शिजवली, माणिकरावांचे अकरा तक्ते मागितले आणि एकावर एक चिकटवून ती फट बंद केली. कागद जाड होता, सरकारी ठरावांसाठी वापरतात तसला. वारा पार थांबला. दहाव्या दिवशी रंगराव आले, खोलीत शिरले, वर पाहिलं, आणि तक्त्याचं पहिलं कलम मोठ्यानं वाचून एवढे हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. जाताना त्यांनी माणिकरावांना मिठी मारली.

माघात, एका संध्याकाळी, मनकर्णाबाई आत आणि बाकी सगळे ओसरीत असताना बाळाचा पहिला आवाज आला. मुलगी झाली. दोघीही सुखरूप होत्या. माणिकराव भिंतीला पाठ टेकून खाली बसले. निवृत्तीही तिथंच होता. त्याला काही काम नव्हतं, तो नुसता आला होता.

थोड्या वेळानं पंजाबरावांनी जन्मवेळ लिहायला कागद काढला.

"दिवे लागले होते," ते म्हणाले. "म्हंजे उद्याची तारीख."

"आजची!" वच्छलाबाई म्हणाल्या. "उद्या उजाडल्याबिगर उद्या कशी होईन?"

वाद रंगला. मनकर्णाबाई बाहेर येऊन नवऱ्याच्या विरुद्ध बाजूनं उभ्या राहिल्या. शेवटी सगळ्यांनी माणिकरावांकडे पाहिलं. तारखेचा प्रश्न होता, आणि गावात तारखेचा अधिकारी माणूस तेच होते. शिक्काही शेजारच्या फळीवर होता.

माणिकराव खोलीत गेले. कंदिलाच्या उजेडात शालू डोळे मिटून पडली होती आणि वर अकरा तक्ते वारा अडवून होते. त्यांनी फडक्यात गुंडाळलेल्या नातीचा चेहरा नीट पाहिला, नाकापासून हनुवटीपर्यंत, कचेरीत महत्त्वाचा कागद पाहत तसा. मग दारात येऊन म्हणाले,

"दोन्ही तारखा लिवा पंजाबराव. मजकूर तोच हाय."

तेव्हापासून त्या मुलीचा वाढदिवस माणिकरावांच्या घरी आदल्या दिवशी होतो आणि पंजाबरावांच्या घरी दुसऱ्या दिवशी. दोन्ही दिवशी शिरा असतो, आणि दोन्हीकडे पहिली वाटी निवृत्ती गवंड्याला जाते.